अक्कलदाढ काढल्यावरचा आठवडा: सोलापुरात काय घ्यावं, काय मेडिकलमध्येच ठेवून यावं

अक्कलदाढ काढून माणूस दवाखान्याबाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे गोळ्यांची चिठ्ठी असते आणि तोंडात गॉझचा, म्हणजे जाळीदार सुती पट्टीचा, बोळा. मग मेडिकलवाला आणखी दोन वस्तू सुचवतो, शेजारच्या काकू लवंगाचं तेल घेऊन येतात, मावशी फोनवर तुरटी सांगतात, मित्र म्हणतो बर्फाचा गोळा खा. इथे या सगळ्यांचं परीक्षण केलं आहे: दवाखान्याची सेवा, मेडिकलमधल्या वस्तू, घरचे उपाय आणि ताटातलं अन्न. कसोटी एकच ठेवली आहे. दाढ निघालेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, ती जागेवर राहायला ही गोष्ट मदत करते की तिला उचकटते?

ही गुठळी म्हणजे जखमेचं झाकण. तिच्याखाली उघडं हाड आणि नसांची टोकं असतात आणि तिच्यातूनच नवी हिरडी वर येते. ती निघाली किंवा विरघळली तर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. सगळ्या दात-दाढांचा हिशेब धरला तर हे शंभरातल्या दोन ते पाच जणांना होतं, पण खालच्या, हाडात अडकलेल्या अक्कलदाढेत प्रमाण बरंच जास्त असतं. तंबाखू आणि सिगारेटवाल्यांना त्याहून जास्त.

दवाखान्याची सेवा: पैसे देण्याआधी काय विचारावं

दाढ कशी बसली आहे यावर सगळं अवलंबून असतं. वरची सरळ आलेली दाढ पाच-दहा मिनिटांत निघते आणि माणूस दोन-तीन दिवसांत कामावर जातो. खालची आडवी दाढ काढताना हिरडी उघडावी लागते, थोडं हाड कापावं लागतं, दाढेचे दोन-तीन तुकडे करावे लागतात आणि वर टाके. दोन्हींचा दर एक असूच शकत नाही. म्हणून फोनवर "अक्कलदाढ काढायचे किती घेता?" असं विचारून दवाखाने ताडून पाहण्यात अर्थ नाही. आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून घ्यावा आणि तो हातात घेऊन दर विचारावा.

ओपीजीत खालच्या दाढेच्या मुळांजवळून जबड्यातल्या नसेचा मार्ग दिसतो. मुळं त्या मार्गावर आलेली दिसली तर चांगला सर्जन सीबीसीटी म्हणजे त्रिमितीय स्कॅन सांगतो. हा खर्च वाचवू नये. याच नसेला धक्का बसला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, पण क्वचित कायमची जाते. एक्स-रे न बघता "बसा, काढून टाकू" म्हणणारा दवाखाना या परीक्षणात नापास.

पैसे ठरवताना आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. टाके विरघळणारे की काळ्या रेशमाचे? रेशमाचे असतील तर सातव्या दिवसाच्या सुमारास काढायला यावं लागतं, आणि बार्शी किंवा करमाळ्याहून येणाऱ्याला ती एक फेरी महागात पडते. पुढची तपासणी आणि गरज पडली तर ड्राय सॉकेटचं ड्रेसिंग याच पैशांत आहे का? आणि रात्री रक्त थांबलं नाही तर फोन कोणत्या नंबरवर लावायचा? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "सकाळी दहाला या" असं मिळालं तर दुसरीकडे जावं.

केगावला दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात खर्च खासगीपेक्षा कमी पडतो. पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि रांगेची तयारी ठेवावी लागते. ज्याला अर्धा दिवस मोकळा काढता येतो त्याला हा पर्याय वाईट नाही. ज्याला मधुमेह आहे, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत किंवा गुटखा-माव्यामुळे तोंडच दोन बोटांपलीकडे उघडत नाही, त्याने कुठेही गेलं तरी ही माहिती आधी सांगावी. तोंड कमी उघडत असेल तर शस्त्रक्रियेचं नियोजनच बदलतं. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवावं.

वेळ सकाळची घ्यावी. पहिल्या सहा-आठ तासांत रक्ताच्या तक्रारी निघतात आणि त्या वेळी दवाखाना उघडा असलेला बरा. मोहोळ किंवा अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्यांनी दाढ काढल्या काढल्या स्टँड गाठू नये. पहिला गॉझ काढून, रक्त थांबलंय हे डॉक्टरांना दाखवूनच निघावं. दुचाकीवर मागे बसून खड्ड्यांतून जाणंही त्या दिवशी टाळलेलं बरं, आणि स्वतः चालवणं तर नकोच.

गॉझ: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू

निर्जंतुक गॉझची पाकिटं आधीच घेऊन ठेवावीत. साधा कापूस नको. त्याचे धागे गुठळीत अडकतात आणि बोळा काढताना गुठळीसकट निघतात.

वापरायची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण इथेच निम्मे लोक चुकतात. गॉझ उकळून गार केलेल्या पाण्यात जरासा ओला करून पिळून घ्यावा. कोरडा गॉझ जखमेला चिकटतो. घडी इतकी जाड हवी की दात मिटल्यावर दाब बरोबर खड्ड्यावर पडेल. घडी पातळ असेल तर पुढच्या दाढा एकमेकींना टेकतात आणि खड्ड्यावर दाबच येत नाही. अशा वेळी माणूस तासभर जबडा आवळून बसतो आणि रक्त चालूच राहतं. घट्ट चावून 30 ते 45 मिनिटं ठेवावा. दर पाच मिनिटांनी काढून आरशात बघायचं नाही. काढताना ओढू नये, एका बाजूने हळू सोडवावा.

पहिले 24 तास लाळ गुलाबी दिसणार, उशीवर डाग पडणार. हे चालतं. थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळलं तरी भरपूर वाटतं. मिनिटा-दोन मिनिटांत तोंड लालभडक रक्ताने भरत असेल किंवा काळीजासारखे मऊ लाल गोळे येत असतील तर ते रक्तस्रावाचं लक्षण. नवा गॉझ दाबून बसावं, डोकं वर ठेवावं. त्यानेही थांबलं नाही तर काळ्या चहाची पिशवी पाण्यात भिजवून, गार करून, पिळून अर्धा तास चावून धरावी. चहातलं टॅनिन रक्त गोठायला मदत करतं. घरी सुटी चहा पावडर असेल तर गॉझच्या दुहेरी थरात घट्ट बांधून पुरचुंडी करावी, म्हणजे कण जखमेत जाणार नाहीत. यानंतरही थांबत नसेल तर डॉक्टरांना फोन.

थुंकायचं नाही. पिचकारी मारताना तोंडात जो जोर तयार होतो तोच गुठळी उपटतो. लाळ गिळावी, किंवा बेसिनवर वाकून तोंड उघडून आपोआप पडू द्यावी. स्ट्रॉचंही तेच. उसाचा रस, लस्सी, शहाळं, काहीही असो, पेल्यात ओतून प्यावं. स्ट्रॉला किमान आठवडाभर सुट्टी.

बर्फ आणि शेक

मेडिकलमधला जेल पॅक सोयीचा आहे, पण गरजेचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीत फोडलेला बर्फ भरला आणि टॉवेलमध्ये गुंडाळला की तेच काम होतं, आणि टॉवेलची कमतरता सोलापुरात तरी कुणाच्या घरी नसावी. 20 मिनिटं गालावर, 20 मिनिटं विश्रांती, जागं असेपर्यंत. पहिल्या दिवशी याचा खरा उपयोग, दुसऱ्या दिवशी थोडा, त्यानंतर नाही. बर्फ कधीही थेट कातडीवर नको. भूल उतरलेली नसताना गालाला गारवा कळत नाही आणि कातडी भाजल्यासारखी होते. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो तेव्हा जेल पॅक बघता बघता कोमट होतो. घ्यायचेच असतील तर दोन घ्यावेत, एक गालावर आणि एक फ्रीजरमध्ये.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. इथे बरेच जण घाबरतात: "काल बरं होतं, आज गाल दुप्पट झाला." हे ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं. 48 ते 72 तासांनी सूज शिखरावर जाते आणि मग उतरू लागते, आठवड्यात बरीचशी जाते. काहींच्या गालावर किंवा मानेवर निळा-पिवळा डाग उतरतो, तो आपोआप जातो. दोन दिवसांनंतर बर्फ सोडून कोमट, ओल्या फडक्याचा शेक सुरू करावा. आखडलेल्या जबड्याला त्याने आराम पडतो. पहिल्या दिवशी शेक दिला तर सूज आणि रक्त दोन्ही वाढतात. पहिल्या दोन रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपावं.

गोळ्या: नावं वेगळी, आत तेच

दुखण्याची गोळी भूल उतरण्याआधी घ्यायची. खालच्या जबड्याची भूल साधारण तीन ते पाच तास राहते. ठणका सुरू झाल्यावर गोळी घेतली तर तिचा परिणाम होईपर्यंतचा तास फार वाईट जातो. पोटात काहीतरी हवं, अर्धी वाटी दही-भात किंवा पेलाभर दूध तरी.

सर्वांत मोठी गडबड दुहेरी डोसाची. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅमसोबत पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असतं. झिरोडॉल-एसपीमध्ये एसिक्लोफेनॅकसोबत तेवढंच पॅरासिटामॉल. डोलो 650 म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल. चिठ्ठीत एक गोळी आहे, घरात दुसरी पडली आहे आणि "ताप वाटतोय" म्हणून तिसरी घेतली, तर पॅरासिटामॉल तिन्हींतून जातं. मोठ्या माणसाला 24 तासांत त्याची कमाल मर्यादा 4 ग्रॅम. यकृताचा त्रास असलेल्यांना किंवा नियमित दारू घेणाऱ्यांना त्याहून बरीच कमी. शिवाय आयबुप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक एकत्र घेणं म्हणजे एकाच जातीच्या दोन गोळ्या: फायदा वाढत नाही, पोटाचा त्रास वाढतो. पाकिटामागचे घटक वाचायचे, नाव नाही.

दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काहीही असेल तर आयबुप्रोफेन-एसिक्लोफेनॅकच्या जातीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुखतं म्हणून डिस्प्रिन घेऊ नये. त्यातलं ॲस्पिरिन रक्त गोठू देत नाही.

काउंटरवर "सूज उतरायची गोळी" म्हणून सेराशिओपेप्टिडेज मिळते, कित्येक मिश्र गोळ्यांत ती आधीच घातलेली असते. तिच्या परिणामाचा पुरावा तकलादू आहे. चिठ्ठीत असेल तर घ्यावी, पण वेगळे पैसे घालून मागू नये. अँटिबायोटिकचंही तसंच. प्रत्येकाला ते लागत नाही. दिलं असेल तर ठणका थांबला म्हणून मध्येच सोडू नये, आणि दिलं नसेल तर मेडिकलमधून स्वतः आणू नये. मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारू पूर्ण बंद ठेवायला सांगतात, आणि संपल्यावरही आणखी दोन दिवस.

गुळण्या: मीठ पहिल्या नंबरावर

पहिले 24 तास चूळच भरायची नाही. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. तोंडात घ्यायचं, मान हळू या बाजूला, त्या बाजूला कलवायची आणि तोंड उघडून पाणी पडू द्यायचं. खळाखळा गुळणी नाही. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक खाण्यानंतर न चुकता. सोलापुरात बहुतेक घरी नळाचं पाणी काही दिवसांआड येतं आणि पिंपात, टाकीत साठवलं जातं. जखमेसाठी ते आधी उकळून कोमट करून वापरावं.

क्लोरहेक्सिडिनचं 0.2 टक्क्यांचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं असेल तर ते चांगलं, विशेषतः दाढेच्या बाजूला ब्रश पोहोचत नाही तोपर्यंत. 10 मिलि, दिवसातून दोनदा. जास्त तीव्र वाटलं तर तेवढंच पाणी मिसळावं. टूथपेस्टनंतर लगेच घेतलं तर त्याचा परिणाम कमी होतो, अर्धा तास जाऊ द्यावा. ते घेतल्यावर लगेच चहा प्यायला तर दात तपकिरी पडतात. चवही काही दिवस बिघडते आणि वरणात मीठच नाही असं वाटतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये. दात पुढे सांभाळून घासत राहावेत, जखमेजवळ मऊ ब्रशने हळू. ब्रशच बंद केला तर जखमेला घाण लागते आणि वास येतो.

जाहिरातीतली अल्कोहोलवाली निळी-हिरवी माउथवॉशं या काळात काहीही देत नाहीत, फक्त झोंबतात.

पाचव्या ते सातव्या दिवसानंतर खालच्या खड्ड्यात अन्न अडकू लागतं. त्यासाठी वाकड्या, बोथट टोकाची सिरिंज मिळते. डॉक्टरांकडे असेल तर मागून घ्यावी, कारण ही वस्तू खरोखर पैसे वसूल करते. मिठाचं कोमट पाणी भरून टोक खड्ड्याच्या तोंडाशी ठेवायचं, आत खुपसायचं नाही, आणि हळू दाबायचं. डॉक्टरांनी "आता सुरू करा" म्हटल्याशिवाय हात लावू नये. पहिल्या तीन दिवसांत हीच सिरिंज गुठळी धुऊन काढेल.

काकूंचं लवंगाचं तेल, तुरटी, हळद

लवंगाच्या तेलातलं युजेनॉल ठणका बसवतं, हे खरं. म्हणूनच ड्राय सॉकेट झाल्यावर डॉक्टर युजेनॉलची पट्टी ठेवतात. पण ती मोजून, खड्डा धुऊन, ठरावीक वेळेपुरती. घरी बाटलीतून थेट ओतलेलं तेल हिरडी पोळवतं. तुरटीच्या पाण्याने तोंड आवळल्यासारखं होतं आणि हाती काहीच लागत नाही. हळदीची पूड खड्ड्यात भरली तर ती परका कण म्हणूनच बसते, वर डॉक्टरांना जखमेचा रंगही कळत नाही. हळद दुधात घालून प्या, त्याला कुणाची हरकत नाही.

मशेरीबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण घरातल्या मोठ्या बायका ती तंबाखू मानत नाहीत, दात घासायची पूड मानतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. मावा, गुटखा, बिडी, सिगारेट आणि मशेरी किमान तीन दिवस पूर्ण बंद, आणि जमलं तर दोन आठवडे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि खड्ड्याला रक्त कमी पोहोचतं. बिडी ओढताना जो श्वास खेचला जातो तो स्ट्रॉपेक्षाही वाईट. माव्यातली सुपारी तर खड्ड्यात जाऊन बसायलाच जन्माला आली आहे.

ताट: सोलापूरकराची खरी अडचण

इथल्या स्वयंपाकाची बलस्थानं नेमकी या आठवड्याची शत्रू आहेत. कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, चिवडा. कडक भाकरीचा टोकदार तुकडा टाक्यात घुसतो. शेंगाचटणी त्याहून वाईट. शेंगदाण्याचा भरड कूट, लसणाचा तुकडा आणि तिखट असं त्रिकूट खड्ड्यात बसतं, धुवून निघत नाही आणि तिसऱ्या दिवशी वास मारतं. खड्डा वरून भरून यायला तीन ते चार आठवडे लागतात. तोवर शेंगाचटणी दुसऱ्या बाजूनेही नको. खावीशीच वाटली तर दह्यात एकजीव करून, गाळून चाटण्यापुरती. तीळ, खसखस, राजगिऱ्याचे लाडू, पॉपकॉर्न, डाळिंबाचे दाणे हे सगळे त्याच यादीत. जानेवारीत तारीख घ्यायची असेल तर संक्रांतीचा तिळगूळ, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा आणि हुरड्याचे दिवस मोजून मगच घ्यावी. तोंड सुजलेलं असताना शेतावर हुरडा बघत बसणं फार वाईट.

पण याच मातीत या आठवड्याचं उत्तम जेवणही आहे. ज्वारीची आंबील पहिल्या क्रमांकावर: आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची, पातळ, गार करून, ताकात मिसळलेली. पोट भरते, चावावं लागत नाही आणि उन्हाळ्यात पाण्याची भरपाई होते. लसूण-मिरचीची फोडणी तेवढी वगळा. दुसऱ्या क्रमांकावर हुलग्याचं माडगं, गाळून, कोमट. गोळ्यांनी तोंडाची चव गेलेली असताना तेच गोड लागतं. ज्वारीच्या कण्या पूर्ण विरघळेपर्यंत शिजवल्या तर चौथ्या दिवसापासून चालतात. अर्धवट शिजलेल्या कण्या म्हणजे खड्ड्यात अडकणारे दाणेच.

पहिल्या दिवशी भूल पूर्ण उतरेपर्यंत काही चावू नये. बधिर ओठ, गाल, जीभ चावली जाते आणि दुसऱ्या दिवशी दाढेपेक्षा तीच जखम जास्त छळते. मग गार-कोमट पातळ पदार्थ: दूध, ताक, दही, नाचणीचं सत्त्व, काजू-बदाम नसलेलं आईस्क्रीम चमच्याने. काडीवरची कुल्फी चोखू नये, वाटीत काढून घ्यावी. गाडीवरचा बर्फाचा गोळा तर नकोच: चोखणं, रंग आणि कुठला बर्फ हे माहीत नाही, असे तिन्ही दोष त्यात आहेत. गरम चहा पहिले 24 तास बंद. उष्णतेने गुठळी सैल होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ वरण-भात, वर तूप. इडली सांबारात कुस्करून, सांबार मात्र कमी तिखट आणि कोमट. मऊ अंडं. मांसाहारी घरात मटण शिजतं तेव्हा मसाला घालण्याआधी अळणी पाणी बाजूला काढतात. ते गाळून, कोमट करून वाटीभर घेतलं तर अशक्तपणा जातो. काळा रस्सा दहा दिवस तरी बाजूला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मऊ भाकरी दुधात पूर्ण कुस्करून, दुसऱ्या बाजूने. कडक भाकरी दोन आठवड्यांनी, तीही आधी भिजवून. डाळिंबाचा रस गाळून, पेल्याने, पहिले तीन दिवस सोडून, कारण आंबटपणा झोंबतो.

उपवास या आठवड्यात धरू नये. रिकाम्या पोटी गोळ्या चालत नाहीत, आणि साबुदाणा खड्ड्यात चिकटतो. मधुमेह असेल तर "चावता येत नाही" म्हणून दिवसभर सरबत आणि आईस्क्रीमवर राहू नका. साखर वाढली की जखम रेंगाळते. त्यांच्यासाठी आंबील, ताक, अंडं, मूगडाळीचं पातळ वरण.

पाणी उन्हाळ्यात दोन-अडीच लिटर तरी. ठणक्याच्या भीतीने लोक पाणीच कमी करतात, मग तोंड कोरडं पडतं, वास येतो आणि चक्कर येते ती वेगळीच.

आरशात काय दिसतं

तिसऱ्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर खड्ड्यावर पांढरट-पिवळसर साय दिसते. हा पू आहे असं समजून कापसाने पुसणारे बरेच निघतात. तो जखम भरतानाचा थर असतो, त्याला हात लावायचा नाही. पू असेल तर त्याबरोबर ताप, घाण चव आणि वाढती सूज असते. खड्डा रिकामा, आत करडं-पांढरं हाड, आधी कमी होत आलेला ठणका पुन्हा उसळून कानाकडे जातोय, तोंडाला घाण वास: हे ड्राय सॉकेट. त्यावर गोळ्यांची ताकद वाढवत बसू नये, अँटिबायोटिकनेही ते बरं होत नाही. दवाखान्यात खड्डा धुऊन औषधी पट्टी ठेवली की बहुतेकांना तासाभरात फरक पडतो. पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागू शकते.

जबडा आखडणं हेही नेहमीचं. साधारणपणे माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. दाढ काढल्यावर जेमतेम एक मावतं. चौथ्या दिवसापासून कोमट शेक देऊन, दुखेल त्याच्या अलीकडे थांबत, दिवसातून तीन-चार वेळा हळूहळू उघडायचा सराव करावा. आठवडा ते दोन आठवड्यांत दोन, मग तीन बोटं मावायला हवीत. उलट कमी होत गेलं तर दाखवावं. जिम, वजन उचलणं, वाकून करायची जड कामं तीन-चार दिवस बंद. यंत्रमागावर किंवा हमालीवर असणाऱ्याने डॉक्टरांकडून तेवढ्या दिवसांची चिठ्ठी मागून घ्यावी.

वरची दाढ काढली असेल तर तिच्या मुळांच्या वर सायनसची पोकळी असते. दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नये आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यावी. पाणी पिताना ते नाकात उतरतंय असं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर असेल तर कळवावं, थांबून बघू नये. 101 अंशांच्या वर ताप, किंवा तीन-चार दिवसांनी उतरायची ती सूज वाढत चालली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि गिळता येत नाही, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, हनुवटीखाली कडक सूज आहे किंवा श्वासाला त्रास होतोय, यांपैकी काहीही झालं तर दातांच्या दवाखान्याचं शटर उघडायची वाट पाहू नका. सिव्हिल किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रभर चालू असतो, आणि वाहन नसेल तर 108 लावा.